ऊसतोडीसाठी मऊ पट्टी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२४

८ जानेवारी

मान्यता आली, एथिक्स कमिटीचं पत्रही हातात आहे. संमतीपत्र मराठीत करायचं, आणि जिला वाचता येत नाही तिला साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच तसं आहे, त्यामुळे त्यावर घासाघीस नाही.

करायचं काय, ते आजच लिहून ठेवते. अंगाला चिकटेल आणि त्वचेबरोबर ताणली जाईल अशी पातळ पट्टी. तिने हृदयाचे ठोके, त्वचेचं तापमान आणि हालचाल मोजायची. वापरणाऱ्या उन्हात राबणाऱ्या बायका, सुरुवात ऊसतोडीपासून. बीड जिल्ह्यातल्या टोळ्या सगळीकडे जातात, पण फड बघायला कोल्हापूर-सांगली गाठायची गरज नाही. पैठण-अंबड पट्ट्यात जायकवाडीच्या कालव्याखाली ऊस आहे आणि टोळ्याही उतरलेल्या आहेत.

ठोकेच का? उष्णतेचा खरा ताण शरीराच्या आतल्या तापमानात दिसतो. ते मोजायचं तर सेन्सर असलेली गोळी गिळायला द्यावी लागते किंवा गुदाशयात तार ठेवावी लागते. फडावर दोन्ही अशक्य. ठोका मात्र बाहेरून मिळतो. कामाच्या जागेवरच्या आरोग्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेचा एक सोपा ठोकताळा आहे : १८० वजा वय. ३५ वर्षांच्या बाईचा ठोका काही मिनिटं सलग १४५ च्या वर राहिला, तर काम थांबवायला हवं. आम्हाला एवढंच विश्वासाने सांगता आलं तरी पुष्कळ.

विभागप्रमुखांचा प्रश्न : बाजारात हजार रुपयांत घड्याळ मिळतं, तेच का नाही बांधत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मोजून द्यायचं, बोलून नाही.

१९ जानेवारी

पाया कशाचा घ्यायचा यावर आठवडा गेला. सिलिकॉन चिपचा ताठपणा दीडशे गिगापास्कलच्या आसपास, सोन्याचा ७९. त्वचा त्यापुढे लाखपट मऊ. पीडीएमएस हे सिलिकोन रबर एक ते तीन मेगापास्कल, तेही आम्हाला जड वाटलं. इकोफ्लेक्स ००-३० हे त्याहून मऊ सिलिकोन साधारण ०.०७ मेगापास्कल, दोन भाग समसमान मिसळायचे, पाऊण तासात ओतून मोकळं व्हायचं, चार तासांत तयार.

नुसतं मऊ असूनही भागत नाही. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो : जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये जी त्वचेसारखी इलेक्ट्रॉनिक्स दाखवली, तिची सगळी गंमत याच गणितात आहे. ती शंभर मायक्रॉनहूनही पातळ होती, गोंदवल्यासारखी नुसत्या पकडीवर त्वचेला चिकटून राहायची. आमची पट्टी तितकी पातळ होणार नाही, कारण ती सोलताना फाटता कामा नये.

लॅबमधले रबराचे हातमोजे हद्दपार केले. लॅटेक्समधलं गंधक या सिलिकोनमधल्या प्लॅटिनमला मारतं आणि थर कायमचा चिकट राहतो. आता फक्त नायट्राइल.

२ फेब्रुवारी

सोन्याचा थर दिलेली पॉलिइमाइडची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) फिल्म बाहेरून करून आली. आता ती नागमोडी कापायची. क्लीनरूम आमच्याकडे नाही आणि इतक्यात होणारही नाही. त्यावर उसासे टाकण्यात अर्थ नाही. टेक्सासमधल्या नान्शू लू यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवून दिलं, की स्टिकर कापायच्या प्लॉटरवर फिल्म कापून नको तो भाग सोलून काढला, तरी त्वचेवर लावायचे चांगले सेन्सर होतात. तेच काम जालना रोडच्या मागच्या गल्लीत रेडियमवाला दिवसभर करत असतो.

अर्ध्या मिलिमीटरची रेघ पाहून तो म्हणाला, “मॅडम, आम्ही ट्रॅक्टरवर ‘आईचा आशीर्वाद’ कापतो. त्यातली वेलांटीपण याच्यापेक्षा जाड असते.” पण माणूस कसबी. प्लॉटरचं पातं स्वतःच्या अक्षामागे किंचित ओढत चालतं, त्यामुळे लहान वळणावर फिल्म उचलली जायची. त्याने ६० अंशांचं नवं पातं लावलं, वेग अगदी खाली आणला, दाब दोनदा चाचपून घेतला. सोलण्याचं काम त्याच्या दुकानातल्या पोराने सुईच्या टोकाने केलं. आमच्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याने खाली मान घालून ते शिकून घेतलं.

सोन्याची सरळ पट्टी एक-दोन टक्के ताणली की तडकते. नागमोडी पट्टीला ताण दिला की ती पसरते, थोडी वर उचलून पीळ घेते, आणि धातूवर प्रत्यक्ष ताण फारच थोडा येतो. त्वचा तीस टक्क्यांपर्यंत ताणली जाते असं धरून आम्ही वळणाची त्रिज्या ठरवली होती. हाताने फिरवायच्या ओढयंत्रावर तीस टक्क्यांपर्यंत विजेचा रोध जवळजवळ हलला नाही. पुढे चढायला लागला. पुढचं आम्हाला नकोच आहे.

११ फेब्रुवारी, पैठण

रविवार. जरीला मल्टिमीटर लावून बघायचं फार दिवस मनात होतं. हा खुळेपणा नाही : एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमाराला कापडावर सर्किटं केली, तेव्हा त्यांनी वापरलेलं कापड भारतीय जरीचं ऑर्गंझा होतं. रेशमी धाग्याभोवती तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेला. पत्रा मळसूत्री गुंडाळलेला असल्यामुळे धागा वाकला तरी तो तुटत नाही. आमच्या नागमोडीमागे जी युक्ती आहे, तीच.

मागावरच्या बाईंनी वेगवेगळ्या गुंड्या काढून दिल्या. चांदीची जर छान वाहते. तांब्यावरची ‘टेस्टेड’ही वाहते, फक्त वरचा मुलामा नखाने थोडा खरवडावा लागतो. प्लास्टिकची अजिबात नाही, मीटर ढिम्म. बाईंनी विचारलं, “खरी जर कोणती, खोटी कोणती ते यावर कळतं का? कळत असेल तर मीटर ठेवून जा.” चांदी आणि तांबं त्यावर वेगळं काढता येत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

१५ फेब्रुवारी

युरोपात धातूंच्या चाचणीला वापरतात तो कृत्रिम घाम केला : ०.५ टक्के मीठ, ०.१ टक्के लॅक्टिक आम्ल, ०.१ टक्के युरिया, पीएच ६.५. तांब्याची जर त्यात हिरवी पडली. इलेक्ट्रोड म्हणून बाद. सिलिकोनखाली झाकून वायर म्हणून चालेल का, ते पुढे बघू.

२७ फेब्रुवारी, पैठण तालुका

फडावर पहिला पूर्ण दिवस. टोळी पहाटेच्या अंधारातच लागते, तेव्हा चांगलीच थंडी असते. दुपारी त्याच जागी घामाच्या धारा. एका दिवसात दोन हंगाम मिळतात, चाचणीला याहून चांगली जागा नाही.

संमती एकेकीकडून वेगळी घेतली. पट्टी लावायला खोपीत आडोसा केला. मी आणि पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तिसरं कुणी नाही. सगळ्या बायका साडीवर पुरुषाचा फुल शर्ट घालतात, पाचटाने हात कापतात म्हणून. तो शर्ट आमच्या दृष्टीने वरदानच, कारण पट्टी ऊन, धूळ आणि नजर तिन्हींपासून झाकली जाते.

लॅबमध्ये आम्ही गळ्याच्या डाव्या हाडाखालची जागा ठरवली होती. इथे पहिल्या तासातच ती सोडावी लागली. स्क्रीनवर ठोक्यांच्या मधे एक टोकदार उसळी दिसायची, हृदयाची नव्हे, आणि कोयत्याच्या प्रत्येक घावाला तीच. बराच वेळ वायरवर संशय घेतला. शेवटी विद्यार्थिनीने बाईंकडेच टक लावून पाहिलं : त्या वाकल्या की डोरलं पुढे झुलायचं आणि उठताना पट्टीवर आपटायचं. डोरलं काढा म्हणायचा प्रश्नच नव्हता. शिवाय कोयता चालवताना छातीच्या स्नायूंची विद्युत खळबळही तिथेच सगळ्यात जास्त. पट्टी डाव्या बरगड्यांवर, ब्लाउजच्या खाली नेली. ठोका थोडा लहान मिळतो, पण निवांत मिळतो.

आजची खरी कमाई दुसरीच. सकाळी थंडीत कोरड्या त्वचेवर सोन्याच्या इलेक्ट्रोडचा सिग्नल नुसता खरखरीत. मोळ्या वाहायला लागून अंग ओलं झालं आणि रेषा लख्ख झाली, कारण घामातलं मीठ जेलचं काम करतं. दहा वाजेपर्यंत सुंदर ईसीजी. साडेअकराला पट्ट्यांच्या कडा सुटायला लागल्या. दुपारच्या भाकरीपर्यंत दोघींच्या पट्ट्या शर्टाला आतून चिकटलेल्या आणि त्यांवर उसाची कुसळं. ज्या घामाने सिग्नल दिला त्यानेच डिंक सोडवला. संशोधन निबंधांत पट्टी अंगावर दिवसेंदिवस टिकते, पण त्या पट्ट्या फार करून पंख्याखाली बसणाऱ्या पोरांच्या अंगावर असतात.

संध्याकाळी पट्टी काढताना एक मावशी म्हणाल्या, “कामून काढायलात? राहू द्या की, थंड वाटायलंय.” सिलिकोनचा तो थंडावा आम्ही कुठेच नोंदवला नव्हता.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. कॉलेजात प्रदर्शन, आमच्या टेबलावर शाळकरी पोरांची झुंबड. पट्टी लावून ईसीजी दाखवताना पडद्यावर ५० हर्ट्झची जाड गुणगुण, मधे ठोका ओळखू येईना. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि रेषा क्षणात स्वच्छ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीतल्या तारांचा त्रास त्यांना याहून नीट समजावता आला नसता. फडावर ही गुणगुण जवळपास नसतेच, शेतीपंपाच्या लाइनखाली उभं राहिलं तरच.

१३ मार्च

फडावर मुकादम भेटले. चहा मागवला, पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि थेट विचारलं, “यात कोण किती वेळ बसलं ते दिसतं का?”

दिसतं. हालचालीचा सेन्सर आहे, मिनिटामिनिटाचा हिशेब निघतो. मी म्हटलं, तसलं काही आम्ही कुणाला देत नाही. ते हसले, विषय सोडला.

परतीच्या वाटेवर दुसरं काही सुचेना. टोळी उचल घेऊन आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आमची पट्टी त्या बाईला ‘थांब’ म्हणणार, आणि थांबलीस याचा पुरावाही तीच तयार करणार. रात्री फर्मवेअरमध्ये, म्हणजे पट्टीच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, बदल करायला घेतला : मोजलेलं सगळं पट्टीतच राहील. चाचणीपुरती नोंद हवी असेल तेव्हा ती केबल लावूनच निघेल, तीही बाईंच्या समोर. ब्लूटूथवरून आकडे पाठवणं बंद. विद्यार्थी कुरकुरला, कारण फोनवर लाइव्ह आलेख दाखवणं हा त्याच्या सेमिनारचा मुख्य देखावा होता.

२९ मार्च

विभागप्रमुखांना उत्तर. घड्याळ आणि पट्टी एकाच वेळी लावून ऊसतोडीतल्या नोंदी घेतल्या. मनगटी घड्याळ हिरव्या प्रकाशाने ठोका बघतं. कोयता धरलेल्या मनगटाची प्रत्येक हालचाल त्या प्रकाशात मिसळते, आणि बऱ्याचदा घड्याळ हृदयाऐवजी घावांचा वेगच ठोका म्हणून दाखवतं. वयस्क बायकांच्या हातावर गोंदण असतं. गोंदणाची शाई प्रकाश गिळते, तिथे घड्याळ नुसतं चाचपडतं.

याच कारणाने रक्तातला ऑक्सिजन मोजायचा बेतही सोडला. २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटरने ठीक दाखवलेल्या पण प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असलेल्या नोंदी कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होत्या. दवाखान्यात निजलेल्या माणसाची ही कथा, तर फडावर घामेजलेल्या सावळ्या मनगटावरचा आकडा मी कुणाला दाखवणार नाही.

ठोके ओळखायला पॅन-टॉम्पकिन्सची १९८५ ची पद्धतच ठेवली आहे. ५ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात बघायचं आणि चढाच्या वेगावरून शिखर शोधायचं. जुनी आहे, स्वस्त प्रोसेसरवर धावते. हालचाल फार असेल तेव्हा आकडा द्यायचाच नाही, असं ठरवलं. अर्धा तास कोरा गेला तर गेला.

२२ एप्रिल

पाडव्याच्या आसपास टोळ्या गावी परतल्या. तोवर लॅबमध्ये तुटण्याची कामं.

पट्टीत मऊ भाग कधीच तुटत नाही, ताठ भागही तुटत नाही. तुटतो तो दोघांचा सांधा. चिप बसवलेल्या ताठ बेटाच्या काठावर, जिथून नागमोडी वायर निघते, तिथेच सगळा ताण गोळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तडा नेमका डाखाच्या कडेला, केसाएवढा, हात सैल सोडला की दिसतही नाही. ताणल्यावर सर्किट बंद, सोडल्यावर चालू. असली खोड शोधायला सगळ्यात त्रासदायक. आता बेटाभोवती पीडीएमएसची कडी ओतली आहे : आत ताठ, मग मध्यम, मग इकोफ्लेक्स. ताण एका रेघेवर न येता पसरतो.

दुसरा बदल मोठा. बॅटरी आणि चिप पट्टीतून काढून वेगळ्या छोट्या डबीत घातल्या. डबी पट्टीला टिचबटणाने लागते, ईसीजीच्या साध्या इलेक्ट्रोडला असतं तसंच. पट्टी सुटली तर नवी लावायची, डबी तीच. पट्टीवर आता फक्त सोनं, सिलिकोन आणि डिंक, म्हणून ती स्वस्त पडते. डिंक अॅक्रिलिकचा सोडून सिलिकोन जेलचा घेतला आणि पट्टीला लेझरने बारीक भोकं पाडली, घामाला वाट मिळावी म्हणून. बोर्ड-पाट्या करणाऱ्याकडच्या लेझरवर. टोकियोच्या सोमेया यांच्या गटाची २०१७ ची सोन्याची जाळी हवा खेळू देते, आठवडाभर अंगावर ठेवली तरी त्वचा चिडत नाही. ते आमच्या कुवतीबाहेरचं आहे, पण दिशा तीच.

कृत्रिम घामात काळ्या मातीची चाळलेली धूळ मिसळून सोलण्याची चाचणी परत केली. निकाल बरा आहे. ‘चांगला’ म्हणायला खरा घाम लागेल.

१४ मे

काल मतदान. लॅबमधले दोघे इलेक्शन ड्युटीवरून रात्री उशिरा परतले, आज डोळे तांबारलेले.

शेतावर डब्ल्यूबीजीटी, म्हणजे हवेची गरमी, ओल आणि ऊन एकत्र धरणारा आकडा, मोजायची सोय झाली. १५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा गोळा भांडेवाल्याकडून करून घेतला, त्याला मॅट काळा रंग दिला, आत तापमापी. शेजारी ओल्या वातीचा आणि कोरडा असे दोन तापमापक. पऱ्हाट्या उपटायच्या कामावर दुपारी : हवा ४२, ओला २४, काळा गोळा ५५. सूत्र ०.७ गुणिले ओला, ०.२ गुणिले गोळा, ०.१ गुणिले हवा. बेरीज ३२. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उन्हाला सरावलेल्या माणसाने जड काम करायचं तर मर्यादा २६. म्हणजे मे महिन्यात दुपारी आपल्याकडे जड काम नियमाप्रमाणे होऊच शकत नाही. होतं मात्र रोज.

हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. मग उरतो फक्त घाम : एक ग्रॅम वाळला की साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मावशींच्या कळशीतलं पाणी दुपारपर्यंत संपलेलं असतं आणि हापसा लांब. हे सूत्रात कुठे लिहायचं?

पट्टीचा तापमान सेन्सर शर्टाखालीही उन्हाने तापतो, त्वचेऐवजी स्वतःचंच तापमान सांगतो. वरच्या थरात टायटॅनियम डायऑक्साइड घालून पांढरा केला, फरक पडला. तरीही यावरून शरीराच्या आतलं तापमान काढण्याचा दावा अहवालातून काढून टाकते आहे.

१२ जून

पाऊस पडून गेला. सगळे म्हणतात, सुटलो. दुपारी ऊन पडल्यावर गोळा घेऊन गेलो : हवा ३४, ओला २९, गोळा ४२. बेरीज ३२.१. मेमधल्या त्या दुपारएवढीच. हवेत ओल असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. उष्माघाताची सावधगिरी मात्र पहिल्या सरीबरोबर सगळीकडून उतरते.

गावात परतलेल्या ऊसतोडीच्या बायकांसोबत बैठक झाली. डबी ठरलेल्या ठोक्याच्या वर थरथरते, ते त्यांना दाखवलं. एकजण म्हणाली, “ते बस म्हणायलंय, खरं हाय. पण मी एकटी बसले तर खाडा कोण भरणार?” थोडा वेळ सगळ्याच बोलल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी मार्ग काढला : एकटीचं वाजवू नका, सगळ्यांचं एकदम वाजू द्या. टोळीच पाण्याला थांबली तर खाडा कुणाच्या नावावर टाकणार?

हे इतके महिने आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. करायला अवघडही नाही. प्रत्येक डबीने ब्लूटूथवरून फक्त एक बिट सांगायचा : मर्यादा ओलांडली किंवा नाही. नाव नाही, क्रमांक नाही, ठोका नाही. ठरावीक संख्येने ‘हो’ आले की सगळ्या डब्या एकदम थरथरणार, आणि सुरुवात कुणापासून झाली हे कुणालाच, आम्हालाही, कळणार नाही. ती संख्या किती ठेवायची ते बायका ठरवतील; आजचं त्यांचं म्हणणं दोन.

अडचण रेडिओची. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी शोषून घेतं, आणि उभा ऊस म्हणजे पाण्याने भरलेली पानंच. तोडलेल्या बाजूने टोळी एका ओळीत असते, तिथे पोचेल असा अंदाज. मोळ्या घेऊन गाडीकडे गेलेल्यांपर्यंत पोचेल का, ते बघायचं. डब्या एकमेकींचा निरोप पुढे ढकलतील असं केलं तर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल हंगामभर टिकणार नाही. सेल आठवड्याला बदलायचा की डबी मोठी करायची, हा वाद विद्यार्थ्यांत चालू आहे.

पुढच्या आठवड्यात कालव्याकडच्या उसात डब्या बांबूला बांधून अंतर मोजायचं. शेतमालकाचा होकार आहे. जायच्या आधी त्यांची पाण्याची पाळी कधी आहे ते फोन करून विचारायचं, आणि रेडियमवाल्याकडून पट्ट्यांची नवी खेप उचलायची.